काठावरचं वाक्य

चेरीतालच्या आमच्या घरी मागच्या आठवड्यात माझ्या बायकोचं वर्षश्राद्ध झालं. तिच्या पोहण्याच्या बॅचमधल्या बायकाही आल्या होत्या. निघताना एकीने सगळ्यांसमोर म्हटलं, "भाईसाहब ने आंटीजी के लिए कितना किया. रोज सुबह बेंच पर बैठे रहते थे, तौलिया लेके." आमची मुलगी डोळे पुसत म्हणाली, "हो, बाबांनी काही कमी केलं नाही. सगळं अचानकच झालं." मी मान हलवली. वर्षभर मी अशीच मान हलवत आलो आहे. अचानक काहीच झालं नव्हतं.

साठीनंतर तिचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी पाण्यात व्यायाम सांगितला. जलतरण तलावावरच्या ज्येष्ठांच्या सकाळच्या बॅचला मी तिचं नाव घातलं. मला स्वतःला पोहता येत नाही. तीही सुरुवातीला नुसती दांडी धरून पाय मारायची. "अहो, मी बेडूक दिसून राहिली का?" असं मला ओरडून विचारायची आणि स्वतःच हसायची. हळूहळू ती दांडी सोडून तलावाच्या मध्यापर्यंत जाऊ लागली, मग पलीकडच्या काठापर्यंत, मग जाऊन परत.

शिकवणारी दीदी तरुण होती. तिचा एक नियम होता. दम वाढवायचा तर रोज थोडंसंच जास्त पोहायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर काठाला येऊन एक पूर्ण वाक्य बोलायचं. मध्ये श्वास न घेता वाक्य संपलं तर पुढची फेरी, नाहीतर विश्रांती. बाकीचे लोक नाव-पत्ता सांगत. आमची बाई संध्याकाळचा स्वयंपाक सांगायची. दीदी लांबूनच विचारायची, "आंटीजी, आज क्या बनेगा?" आणि ही काठाला हात टेकून म्हणायची, "पनागर की मेथी आई है, मूंग दाल डालके बनाऊँगी." सगळा तलाव ऐकायचा. कुणी म्हणायचं, "हम भी आते हैं."

मी तोफांच्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात जन्म काढला. तिथे नवी नळी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून एकदा उडवून बघत. त्यात टिकली तर पास. निवृत्त झालो तरी ती सवय अंगातून गेली नाही. दीदी थोडंसं वाढवायला सांगायची, मी बेंचवरून बोटाने अजून एक फेरी दाखवायचो. ही माझ्याकडे बघायची आणि फेरीला जायची. तिचा दम वाढला हे खरं, आणि त्याची बढाई मी ओमतीच्या बाजारात भेटेल त्याच्यापुढे मारत होतो.

थंडी संपता संपता ती बदलली. घरचा जिना चढून वर आली की पायरीवरच बसायची. एकदा म्हणाली, "चार दिवस जाऊ नये वाटते. छातीत भरल्यासारखं होऊन राहिलं."

"काहून? एवढा कमावलेला दम घालवते का?" मी म्हणालो. "कंटाळा आहे तो."

ती दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तयार होऊन बसली.

त्या दिवशी पहिल्याच फेरीनंतर ती काठाला आली. दीदी दुसऱ्या टोकाला कुणाला तरी पाय मारायला शिकवत होती. तिने पाठमोरीच विचारलं, "आंटीजी, आज क्या बनेगा?"

"बैंगन," ती म्हणाली आणि थांबली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी काठापासून दोन हातांवर होतो. मला सगळं दिसत होतं.

"बैंगन लाई है, भरके बनाएगी," मी मोठ्याने म्हणालो.

लोक हसले. "वा भाईसाहब," दीदी तिकडूनच म्हणाली, "चलो आंटीजी, एक और." हिने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. मग ती वळली आणि निघाली.

चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी धाप लागायची का? मी म्हणालो, नाही, रोज पोहायची. ती ऐकू शकत नव्हती. दोन दिवसांत गेली. हृदय आधीपासून थकलेलं होतं, असं ते नंतर म्हणाले. त्या फेरीनेच ती गेली, असं मी म्हणू शकत नाही. पण थांबायचा तिचा हक्क होता, आणि तो मी हसण्यावारी नेला.

श्राद्धानंतर मुलगी परत पुण्याला निघाली, त्या दुपारी मी तिला हे सगळं सांगितलं. ती बॅग भरत होती. ऐकताना तिने एकच साडी तीनदा घडी केली. मग म्हणाली, "त्या दिवशी आईने केली का वांगी?"

"नाही. खिचडी टाकली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"विचारलं, वांग्यांचं काय झालं."

तिने बॅगेची चेन लावली. दारात नेहमीसारखा वाकून नमस्कार केला आणि रिक्षात बसली. पुण्याला पोचली की ती पहिला फोन मला करते. अजून आलेला नाही. मीही केला नाही. या वेळी मध्ये बोलायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.