चाळिसाला चालणारी चूल

अगदी उत्तरेकडच्या, बर्फाळ फेअरबँक्सला माझं सायकलचं दुकान आहे. अर्लीन टॉफ्ट आमच्या शाळेची बस चालवायची आणि सुट्टी मिळाली की जाड टायरच्या सायकलवर सामान बांधून दोन-तीन दिवस बर्फात नाहीशी व्हायची. गावात कुणी नवी पिशवी, नवे बूट, नवी चूल आणली की आधी अर्लीनला दाखवायची, असा रिवाजच पडला होता. ती जाडे हातमोजे चढवून बकल उघडून बघायची. झोपायची पिशवी घेऊन घरामागच्या बर्फात आडवी व्हायची. वस्तू पसंत पडली नाही तर माझ्या टेबलावर आपटायची. "हे ज्याने बनवलं ना डेल, त्याला जानेवारीत माझ्याकडे राहायला पाठव."

तिची मुलगी ब्रिट त्या वर्षी हजार मैलांच्या हिवाळी सायकल शर्यतीत उतरणार होती. सगळं सामान अर्लीननेच निवडलं. पेट्रोलवर चालणारी एक छोटी चूल तिला फार आवडली. जुन्या चुलीपेक्षा निम्म्या वजनाची. एकसारख्या दोन घेतल्या, एक लेकीला आणि एक स्वतःला. त्या वाटेवर चूल म्हणजेच पाणी. बर्फ वितळवला तर प्यायचं, नाहीतर नाही.

पण तो हिवाळा मवाळ निघाला. पारा उणे पंचविसाच्या खाली उतरेचना.

"आई, चाळिसाला चालेल ना ही?" ब्रिटने माझ्यासमोर विचारलं.

"चालेल."

"तू पंचविसालाच बघितलीयस," ब्रिट बाहेर गेल्यावर मी म्हणालो.

"अरे, वीस वर्षं चुली पेटवतेय मी. एवढं कळत नाही का मला?"

ब्रिट फेब्रुवारीच्या शेवटी निघाली. ती वाटेवर असताना थंडीची लाट आली. शनिवारी सकाळी उणे बेचाळीस. अर्लीनला आनंदच झाला. आता खरी परीक्षा, म्हणत तिने आपली चूल पिशवीत टाकली, गाडी रस्ता संपतो तिथे लावली आणि सायकलने आत गेली. पुढचं मला तिनेच सांगितलं.

आठ मैलांवर थांबून तिने चूल काढली. पंप दाबला. दाब धरेना. पुन्हा दाबला. कडेने पेट्रोल गळून हातमोज्यावर आलं. तिने पंप खोलून बघितला, तर आतली रबराची चकती लाकडासारखी कडक झालेली. पाच वेळा जोडून बघितलं. पाचही वेळा तेच.

सकाळी निघताना तिने संगणकावरच्या नकाशात ब्रिट कुठे आहे ते दाखवणारा ठिपका बघितला होता. मागचं गाव सुटून चाळीस मैल झालेले, पुढचं गाव पन्नास मैलांवर. मध्ये ना घर, ना झोपडी. त्या पोरीकडे हीच चूल होती, आणि "चालेल" हा शब्द आईचा होता.

काय करावं सुचेना म्हणून तिने पंप कपड्यांच्या आत, थेट काखेत दाबून धरला. थंडीने कळ मस्तकात गेली. पंधरा मिनिटं तशीच बसली. मग पंप बसवून दाबला. दाब धरला. काडी लावली तशी चूल निळी पेटली.

"तेव्हा मला हुंदका फुटला, डेल. एवढंच करायचं होतं रे. काखेत धरायचं. एक वाक्य! आणि ते तिला माहीत नाही."

ब्रिटजवळचं यंत्र ठिकाण कळवायचं, पण त्यावर निरोप पोचत नसे.

अर्लीन मागे फिरली. मैलभरात मागच्या चाकातलं ग्रीस गोठलं आणि पायडल नुसतंच फिरायला लागलं. उरलेली वाट तिने सायकल ढकलत, मध्येच धावत, मध्येच गुडघ्यांवर पडत काढली. गाडीशी पोचली तर इंजिन मेलेलं. फोनला रेंज नाही. तासभर वाट बघूनही रस्त्याने कुणी आलं नाही. शेवटी तिने तीच चूल पेटवून इंजिनाखाली सरकवली आणि वाऱ्याला आडोसा म्हणून स्वतः बर्फात आडवी झाली. गाडी पेटली असती तरी तिला फिकीर नव्हती. पाऊण तासाने इंजिन खोकलं आणि चालू झालं.

दुपारी तीनला रेंज मिळताच तिने मला फोन केला. "ब्रिटचा ठिपका कुठंय?"

मी संगणकावर बघितलं. "सकाळी होता तिथेच."

"किती वेळ?"

"नऊ तास. झोपली असेल गं."

"भर दिवसा? या थंडीत? खोटं बोलू नको माझ्याशी!"

मी शर्यतवाल्यांना फोन लावला. गोठलेल्या धुक्यामुळे विमान उडत नव्हतं. त्यांनी मागच्या गावातल्या ओलिन डेमॉस्कीचा नंबर दिला. हा माणूस स्नोमोबाइलने, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीने, शर्यतीची वाट तुडवून द्यायचा. मी त्याला फोन लावला तेवढ्यात अर्लीन दुकानात आली आणि फोनवर ओरडायलाच लागली.

"पंप काखेत धरायला सांगा तिला! पंधरा मिनिटं! आणि मग..."

"बाई," ओलिन शांतपणे म्हणाला, "मी तिला काही सांगत बसणार नाही. घेऊनच येतो."

तो निघाल्यावर अर्लीन खुर्चीत बसली ती हललीच नाही. मी कॉफी दिली, ती हातात तशीच गार झाली. मग म्हणाली, "मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला काय झालं होतं मला?"

साडेसहाला ओलिनचा फोन आला. ब्रिट जिवंत होती. सायकलजवळ झोपायच्या पिशवीत बसलेली, दीड दिवस गरम घोट नाही. चूल पेटवताना गार पेट्रोल उजव्या हातावर सांडून करंगळी गोठलेली. पुढे डाव्या पायाची दोन बोटं आणि उजव्या करंगळीचं टोक डॉक्टरांना काढावं लागलं.

इस्पितळात मी दारातच उभा होतो. ब्रिटने आईकडे बघितलं.

"किती थंडीत बघितली होतीस?"

"पंचवीस."

"मग चाळीस का म्हणालीस?"

"वाटलं चालेल."

"वाटलं!" ब्रिट म्हणाली आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. अर्लीन पलंगाच्या पायथ्याशी हात लोंबते सोडून उभी राहिली. त्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

लोक अजून अर्लीनकडे वस्तू आणतात. ती बघते आणि सांगते, "वीसपर्यंत ठीक. पुढचं मला माहीत नाही." पूर्वीसारखं कुणी हसत नाही. ब्रिट रविवारी आईकडे जेवायला जाते. मूस हरणाच्या मटणाचा रस्सा खाते, सगळ्या गावाच्या गप्पा मारते. सायकलचं नाव दोघीही काढत नाहीत.

या हिवाळ्यात ब्रिट पुन्हा निघतेय. माझ्या दुकानातून स्वतःच चूल घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी अर्लीन आली.

"कुठली घेतली रे तिने?"

"तूच विचार की."

"नको. मी विचारलं तर ती सांगेल. मग मला काहीतरी म्हणावं लागेल."

मी चुलीचं नाव सांगितलं. "चाळिसाला ती..." म्हणता म्हणता तिने वाक्य अर्धवट सोडलं आणि बाहेर उभ्या असलेल्या बसकडे चालू लागली.