मागचं चाक

थंडी अजून हटली नव्हती. पंक्चरवाले मामा ट्यूब पाण्यात बुडवत होते, तेवढ्यात शेजारचा सलूनवाला मोबाईल नाचवत आला.

"मामा, कार रेसिंगच्या हंगामाआधीच्या चाचणीत आपली टीम पहिली! वीस फेऱ्या मारून आलेल्या गाडीचा फोटो बघा. यंदा कप आपलाच ना?"

गेल्या वर्षी असाच फोटो बघून मामांनी छातीठोकपणे "आपलाच" म्हटलं होतं. टीम शेवटून दुसरी आली आणि सगळी गल्ली हसली. तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, हे मामा कुणाला सांगेनात. बुडबुडे दिसेनात म्हणून ते ट्यूब गालाला लावून भोक शोधतात, हे सुनेनं हेरलं आणि महिन्यापूर्वी हाताला धरून ऑपरेशनला नेलं. नजर परत आली का, ते आता कळणार होतं.

मामांनी फोटो निरखला. "मागचं चाक आतल्या अंगानं सोललंय बघ. एका फेरीला वाऱ्यासारखी पळेल, पण अख्ख्या शर्यतीत ही गाडी टायरच खाणार. कप विसर."

"स्वतःच्याच टीमला शाप देता होय?"

"अरे, हरणार हे तरी दिसलं! सूनबाईचे उपकार."

सलूनवाला तोंड पाडून गेला. मामांनी ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली. मोहरीएवढा बुडबुडा वर आला. त्यांनी तिथंच बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं ट्यूब घासायची कानस शोधली.