चीजची ओंजळ आणि कोठीची किल्ली

दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. छापखान्यात मी मुद्रितं तपासतो. स्वतःच्या चुका मात्र मी फुकट करतो, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक मी आमच्या कॅन्टीनमध्ये केली. मंगळवारी सकाळी, समोर किलोभर चीज घेऊन.

आत्यानं ते मला किसायला दिलं होतं. किसता किसता एक तुकडा तोंडात टाकला. तो खरंच इतका चांगला होता का, याची खात्री करायला दुसरा टाकला. एकदा पाहून विश्वास ठेवायचा नाही, ही आमच्या धंद्याची सवय. तेवढ्यात यंत्रावरचे दोघं चहाला आले, त्यांना दिलं. त्यांच्या मागून बांधणी खातं आलं, त्यांनाही दिलं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातंय? शेवटी वाडग्यात ओंजळभर कीस उरला आणि बाजूला चीजच्या कडक सालींचा ढीग. आत्यानं वळून वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्या मिशांकडे. मिशांत पुरावा होता.

ही आत्या माझ्या नात्यातली नव्हे. सगळा छापखानाच तिला आत्या म्हणतो. कॅन्टीनच्या मागच्या दाराशी एका बुटक्या स्टुलावर बसून ती एकोणीस वर्षं कांदे सोलत होती. नव्या माणसाला आम्ही सांगायचो, कांदे चिरताना आत्या रडत नाही, कांदेच तिला बघून रडतात. शेगडीपाशी उभं राहायचा मान उस्तादांचा. ते मुख्य स्वयंपाकी, बोलायला कंजूष. एकोणीस वर्षांत ते आत्याशी एकच वाक्य बोलले होते, "कांदे झाले का?" आत्या मात्र स्टुलावरूनच नुसत्या वासावर सांगायची की खाली लागतंय, आणि उस्ताद विस्तव कमी करायचे.

आता उस्ताद निवृत्त होणार होते. मॅनेजरसाहेबांनी एका हॉटेलातला स्वयंपाकी हेरून ठेवला होता. तो आला तर सोलायचिरायला स्वतःचा माणूस आणणार होता, म्हणजे आत्याचं स्टूलही गेलं असतं. उस्तादांची जागा आत्यालाच द्या, अशी रदबदली करायला आम्ही सगळे साहेबांकडे गेलो. साहेब पोटाचे रोगी, पण मनाचे सरळ. म्हणाले, मंगळवारी दोघांनी रांधावं, साठ माणसं जेवतील, मग ठरवू. मुख्य पदार्थ हॉटेलवाल्याचा, रश्शातली कोंबडी. आत्याच्या वाट्याला तोंडी लावणं.

तिनं निवडले चीज घालून भाजलेले कांदे. हा पदार्थ तिला कुणी शिकवला नव्हता. आमच्याकडे छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकाचा एक वाया गेलेला कागद तिनं फळीवर अंथरला होता, त्यावर तो होता. घरी दोनदा करून पाहिला, दोन्ही वेळा वर तेल तरंगलं. तरी कागदात किलोभर लिहिलंय म्हणून तिनं किलोभर आणलं होतं. आणि मंगळवारी डेअरी बंद.

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं फळीवरचा तो कागद काढला, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

"साली फेकू नकोस," एवढंच म्हणाली.

मग मी कोपऱ्यात उभा राहून पाहत होतो. मला कशालाही हात लावायची बंदी होती. तिनं कांदे अर्धे कापले, लोण्यात पालथे ठेवले आणि मंद आचेवर सोडून दिले. पाऊण तास हलवलेसुद्धा नाहीत. खालची बाजू तांबूस झाली तेव्हा कांद्याचा तिखटपणा जाऊन गोड वास सुटला. दुसऱ्या शेगडीवर दुधात साली उकळल्या, त्यांचा अर्क उतरल्यावर काढून टाकल्या, आणि लोण्यात परतलेलं पीठ घालून दूध दाट केलं. काल उरलेल्या पावाच्या कडा चुरल्या, त्यात मिरपूड आणि माझ्या कृपेनं वाचलेली ती ओंजळ मिसळली. शाळेच्या बाकावर दाटीनं बसलेल्या पोरांसारखे कांदे ट्रेमध्ये बसवले. दूध त्यांच्या कमरेपर्यंतच ओतलं. वर चुरा भुरभुरवून ट्रे ओव्हनमध्ये सरकवला.

वास आधी जिना चढला, मग यंत्रखात्यात शिरला. जेवणाच्या सुट्टीच्या आठ मिनिटं आधी यंत्रं थांबली. वीज गेल्याशिवाय ती कधी वेळेआधी थांबल्याचं मला आठवत नाही.

साहेबांनी घरून उकडलेली भाजी आणली होती. त्यांनी चवीपुरता म्हणून अर्धा कांदा घेतला. वरचा कुरकुरीत थर मोडला, आत चमचा लोण्यात गेल्यासारखा गेला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि भाजीच्या डब्याला झाकण लावलं. तिकडे रांगेत, ट्रेच्या कोपऱ्यातला करपट तुकडा कुणाचा यावरून बांधणीवाले आणि यंत्रवाले हमरीतुमरीवर आले होते. कोंबडी वाईट नव्हती. लोक ती तोंडी लावायला घेऊन कांदे जेवत होते.

साहेब स्वतः उठून चमच्यानं रिकामा ट्रे खरवडायला लागले, तेव्हा हॉटेलवाला पुढं आला. त्यानं कडेचा एक कण चाखला आणि डोक्यावरची पांढरी टोपी काढली.

"बाई, दुधात काय घातलंय?"

"उरलं होतं ते."

तो साहेबांकडे वळून म्हणाला की या बाई इथं असताना मला बोलावलंत कशाला, आणि आपल्या सुऱ्या गुंडाळायला लागला. अशी हार मानायलाही छाती लागते.

साहेबांनी उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी कमरेची कोठीची किल्ली सोडली आणि आत्याच्या हातावर ठेवली.

"झाले कांदे," ते म्हणाले.

टाळ्यांनी भांडी खणखणली. आत्याच्या डोळ्यांत त्या दिवशी मी पहिल्यांदा पाणी पाहिलं, आणि आसपास चिरलेला कांदा एकही नव्हता.

गर्दी पांगल्यावर मी हळूच तिच्याजवळ सरकलो. म्हटलं, आत्या, किलोभर चीज पडलं असतं तर आजही तेलच तरंगलं असतं. खरं पाहता या किल्लीत निम्मा वाटा माझा.

तिनं कोठीचं दार लावलं, किल्ली फिरवली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

"आजपासून चीज कुलपात."