वाईट दिवसांची वही

आमच्या थोरल्या जाऊबाईंबद्दल लिहायचं तर त्यांच्या शाळेतल्या खोलीपासून सुरुवात करावी लागेल, कारण घरात त्या शांत बसलेल्या मी फारशा पाहिल्याच नाहीत. खोली जिन्याखाली आहे. शेजारी खेळाचं सामान ठेवतात, त्यामुळे रबरी चेंडूंचा वास सतत येतो. खुर्च्या पहिलीच्या वर्गातून काढून टाकलेल्या, आलेल्या आईबापांचे गुडघे हनुवटीला टेकायचेच काय ते बाकी राहतात. "बसा हो, मोडत नाही. याहून मोठी ओझी पेललीत तिने," असं म्हणत जाऊबाई पाण्याचा ग्लास पुढे करतात. दारावर पाटी आहे, ‘पालक-सोबती’.

ज्यांचं मूल इतरांसारखं चालत, बोलत, शिकत नाही, अशा घरांना शाळेशी बोलताना सोबत करायची, हे त्यांचं काम. शिक्षण बेताचंच. पात्रता एकच, त्यांचा मुलगा. त्याला आम्ही सगळे राजे म्हणतो. सव्वीस वर्षांचा आहे, बोलत नाही, भरवावं लागतं, आणि सगळं घर त्याच्या तालावर चालतं. राजेंच्या शाळेच्या दिवसांत जाऊबाईंच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. पुढ्यात आला त्या कागदावर त्या सही करत गेल्या आणि नवव्या वर्षी राजे घरी बसले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी शाळेने त्यांना या कामाला बोलावलं.

"शाळा मला नोकरीला ठेवते आणि मी बसते पालकांच्या बाजूला," त्या म्हणायच्या. "मी तळ्यातही नाही आणि मळ्यातही नाही. दोन्हीकडून चिखल मात्र अंगावर."

त्यांचे नियम साधे होते. आलेल्या आईला आधी रडू द्यायचं, मग कामाचं बोलायचं. मास्तरांनी ‘प्रगती चांगली आहे’ म्हटलं की लगेच विचारायचं, मदतनीस सोबत असताना की नसताना? कोणताही कागद घरी नेल्याशिवाय सही करायची नाही. आणि मुलाला काय मदत द्यायची ते ठरवणाऱ्या समितीच्या वार्षिक बैठकीआधी महिनाभर आईने एक वही ठेवायची. तिच्यात फक्त वाईट दिवस लिहायचे. मूल किती वेळा पळालं, कुठे चावलं, कोणाला लागलं. कारण आईबाप बैठकीत पोराचं गुणगानच करतात, आणि समिती म्हणते, मग मदत कशाला हवी?

भिंगरीच्या आईला त्यांनी अशीच वही घ्यायला लावली होती. भिंगरी सात वर्षांची. नाव वेगळं आहे, पण एका जागी उभी राहील तर शपथ. दार उघडं दिसलं की सुटली. पुढे रस्ता आहे की जिना, तिला कळत नाही. तिचा बाप वायरमन आणि आई लाँड्रीत इस्त्री करते. शाळेने भिंगरीला एक मदतनीस बाई दिली होती, त्या तिचा हात धरून असायच्या म्हणून पोर वर्गात टिकली होती. त्या बाई पुढच्या वर्षी राहणार की नाही, ते या बैठकीत ठरायचं होतं.

नेमके तेव्हाच राजेंना झटके यायला लागले. जाऊबाई तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये. मला म्हणाल्या, "धाकटे, तेवढी लाँड्रीत चक्कर मार. ती रोज लिहितेय ना, एवढंच बघ."

मी दुपारी जायची. भिंगरीची आई वाफेत उभी, कपाळाचा घाम दंडाला पुसत. तिने वही काढून दाखवली. दोनच ओळी होत्या. ‘गेटबाहेर पळाली. मला चावली.’ पुढे शाई पसरलेली.

"काकू, हात चालत नाही हो," ती म्हणाली. "पोटच्या पोरीची चहाडी केल्यासारखं वाटतं. देव विचारेल मला."

मी रोज वही लिहिते, गेली एकतीस वर्षं. दिवसाकाठी देवाचे आभार मानण्यासारखं एक काहीतरी सापडतंच, अशी माझी सवय आणि श्रद्धा. मी तिला तेच सांगितलं. "रोज एक तरी बरी गोष्ट लिही. नुसती तक्रार देवालाही आवडत नाही. बरं लिहिलंस की बाकीचं लिहायला बळ येईल."

तिचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी गेले तर अर्धं पान भरलेलं. मग रोजच. मी पानं मोजली, वाचली नाहीत. रोज लिहितेय ना, एवढंच बघायचं होतं. घरी येऊन प्रार्थनेत तिचं नाव घेतलं आणि समाधानाने झोपले.

बैठकीच्या सकाळी जाऊबाई हॉस्पिटलमधून थेट शाळेत आल्या. डोळे खोल गेलेले. वही चाळायलाही वेळ मिळाला नाही. मी त्यांची पिशवी धरून बाकावर मागे बसले होते. टेबलापलीकडे समितीच्या बाई, वर्गशिक्षक आणि आणखी एक गृहस्थ. अलीकडे भिंगरीची आई आणि तिच्या खांद्याला खांदा लावून जाऊबाई.

समितीच्या बाई आवाजाने गोड होत्या. त्यांनी वही मागितली, शाई पसरलेलं पहिलं पान उलटून टाकलं आणि मोठ्याने वाचू लागल्या. "‘आज चमच्याने खाल्लं.’ वा! ‘आज मांडीवर बसून राहिली.’ ‘आज दार उघडं होतं तरी पळाली नाही.’ आई, किती सुंदर लिहिलंय तुम्ही!"

भिंगरीची आई लाजून हसली. शाळेत कोणी तिचं कौतुक केल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. जाऊबाईंची पाठ मात्र ताठ झाली.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "हे सगळं मदतनीस सोबत असताना की नसताना?"

"अहो ताई, वही घरची आहे," समितीच्या बाई म्हणाल्या. "घरी कुठे मदतनीस असते?"

"नाही नाही," भिंगरीची आई अभिमानाने म्हणाली, "घरी मी एकटीच बघते तिला."

जाऊबाईंनी इतक्या वर्षांत शेकडो वेळा विचारलेला तो प्रश्न त्यांच्यावरच उलटला. त्या म्हणाल्या, घराला एकच दार आहे आणि शाळेला चार. म्हणाल्या, महिन्याभरात एकही वाईट दिवस नाही असं होईल का? समितीच्या बाईंनी वही पुढे सरकवली. "आईच्या अक्षरात आहे, ताई. आईवर तरी विश्वास ठेवूया ना?" मग कागद आला. वर ‘प्रगती उत्तम’ असं लिहिलेलं. जाऊबाई म्हणाल्या, "घरी नेऊन वाचू." पण तोवर भिंगरीच्या आईने सही केली होती. तिच्या लेकीबद्दल असं कोणी कधी लिहिलंच नव्हतं.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. फक्त हात माझा होता आणि अवलक्षण त्या पोरीच्या कपाळी आलं.

रस्त्यात मी जाऊबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, चारचौघांत तोंडात मारतील. त्या बसथांब्याच्या बाकावर बसल्या, चपलेचा अंगठा नीट केला. "चूक माझी," म्हणाल्या. "वही म्हटल्यावर तुला तुझीच वही आठवणार, हे मला कळायला हवं होतं." मग म्हणाल्या, "जेवलीस का?"

मदतनीस बाई गेल्या. तिसऱ्या आठवड्यात भिंगरी मधल्या सुट्टीत गेटबाहेर गेली. एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. शाळेने आधी अर्धा दिवस पाठवा म्हटलं, मग तात्पुरतं घरीच ठेवा. जाऊबाईंनी तीन अर्ज लिहिले. तिन्हींना एकच उत्तर आलं, पालकांच्या संमतीने निर्णय झाला आहे, फेरविचार वर्षाने होईल. शेवटच्या अर्जानंतर मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून सांगितलं, सोबत करा, वकिली नको. आता बैठकीला त्यांना बोलावतातच असं नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी भिंगरीकडे गेलो. आईने लाँड्री सोडली आहे. खोलीतलं सामान कमरेच्या वर रचलेलं, खिडकीला तार. वायरमनने दाराला आतून नवी कडी बसवली आहे, उंचावर. भिंगरी तिच्याखाली उड्या मारत होती, दमून थांबायची, पुन्हा मारायची.

"अजून एकदा लिहू," जाऊबाई म्हणाल्या. "या वेळी तू सांग, मी लिहिते. वाईट तेवढंच."

"कुठल्या तोंडाने सांगू, ताई?" भिंगरीची आई म्हणाली. "आधीचं काय खोटं होतं? चमच्याने खाल्लंच होतं तिने. एकदा खाल्लं होतं." मग माझ्याकडे बघून, राग नसलेल्या आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलंत. पण आता येत जाऊ नका. तुम्ही आलात की वाटतं काहीतरी बरं होईल."

तिने हात वर करून कडी काढली, आम्ही बाहेर पडलो, आतून पुन्हा ती लागल्याचा आवाज आला.

मी अजून देवापुढे बसते. मागायला जाते आणि काय मागावं ते सुचत नाही. जिना उतरताना मी एवढंच म्हटलं, "वर्षच आहे जाऊबाई, जाईल."

"वर्षात दोन बोटं तरी वाढेल ती," जाऊबाई म्हणाल्या. "आत्ता कडीला चार बोटं कमी पडतात. उडी मारली की दोनच."