नळीवरचं बूच

कचेरीत तिला सगळे 'पणबाई' म्हणत. बैठकीत सगळ्यांचं "ठरलं" म्हणून झालं, चहाचे कप उचलले गेले, की हिचा हात वर जायचाच. "पण..." नवरा तर पाहुण्यांना सांगायचा, "हिने लग्नाला होकार दिला तोही 'पण' लावूनच."

अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन ज्या हौदात बुडवून ठेवतात, त्याचं पाणी पोलादी टाक्यांमधून गाळतात. किरणोत्सारी घाण टाकीत अडकते, तिच्यामुळे टाकी तापते आणि आतल्या पाण्यातून हायड्रोजन सुटत राहतो. टाकी किती तापेल, वायू किती साठेल, हे गणित पणबाईचं. भरलेली टाकी महिनाभर शेडमध्ये ठेवायला हरकत नाही, या कागदावर सही तिचीच होती. अट एकच, वरची वायूची नळी उघडी हवी.

निवृत्तीला पंधरा दिवस उरले असताना ती शेडमध्ये गेली. कुणी बोलावलं नव्हतं, पण सही केलेली वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. टाकीला हात लावला असता तर कोमटच लागली असती. उष्णतेची काळजी नव्हती. तिला खटकली ती लख्ख कोरडी जमीन; उघड्या नळीतून वायूबरोबर पाण्याचे थेंब ठिबकायलाच हवेत.

"मुकादम, नळीखाली एक थेंबही कसा नाही?"

मुकादमाची छाती फुगली. "माझ्या पाळीत थेंब सांडत नाही, बाई. नळीला बूच मारलंय. आज नऊ दिवस झाले."

पणबाईने वर बुचाकडे पाहिलं. या माणसाचा जन्म किरणोत्सारी थेंब पुसण्यात गेला होता, त्याला बोल तरी कसा लावायचा?

"अति तिथे माती, मुकादम," ती एवढंच म्हणाली आणि उभ्या उभ्या गणित मांडलं. सहा टक्के हायड्रोजन. भडका उडायला चार पुरतात. आणि टाकी गाडीवर चढवण्याआधी, दुपारी दोनला, मुकादमाची माणसं ठिणग्या उडवणारा विजेचा पाना लावून तेच बूच काढणार होती.

काम थांबवा, आधी टाकीतला वायू मोजा, असं तिने सांगताच साहेब वैतागले. "शेडमधलं वायू मोजायचं यंत्र शून्य दाखवतंय. टाकी न्यायला गाडी दारात उभी आहे. जाता जाता हसं कशाला करून घेताय?"

"टाकीच्या पोटातलं शेडला काय कळणार? हसं झालं तर माझं होईल, साहेब. पाना धरणारे हात मुकादमाच्या माणसांचे आहेत."

शेवटी नमुन्याच्या बारीक नळातून थोडासा वायू काढला. आकडा चढू लागला. तीन. चार. पाच. पाच पूर्णांक नऊवर थांबला.

पहिली टाळी साहेबांनीच वाजवली. पणबाईला हसू आणि रडू एकदमच आलं. टाकीत नायट्रोजन सोडून सगळा वायू बाहेर काढला, मगच बूच निघालं, तेही हाताने.

तिच्या शेवटच्या बैठकीत साहेबांनी नवा नियम वाचला: नळी उघडी ठेवायची, खाली थाळा ठेवायचा. "ठरलं," सगळे म्हणाले आणि सवयीने तिच्याकडे वळले. ती मजेत चहा पीत होती. हात वर गेला तो मागच्या बाकावरून, मुकादमाचा.

"पण साहेब, हत्यारांच्या पेटीत बुचं राहिली, तर माझ्यासारखा कुणीतरी लावणारच ना?"

पणबाईने कप खाली ठेवला. "लिहून घ्या साहेब," ती म्हणाली, "आता मी जायला मोकळी."