मामा आणि बाथरूममधली काळी बुरशी

मीरा-भाईंदरमध्ये ओल आली नाही अशी भिंत आणि माझ्या बायकोच्या मामांनी हात लावून पाहिली नाही अशी ओल, या दोन्ही गोष्टी मला तरी अजून दिसलेल्या नाहीत. मामा औषधांच्या कारखान्यातल्या लॅबमधून निवृत्त होऊन खारी गावाजवळ राहायला आले होते. कुणाच्याही घरी गेले की चपला काढून ते थेट बाथरूममध्ये शिरत, खिशातली बॅटरी छतावर मारत आणि आजारी पोराच्या कपाळाला लावावी तशी हाताची पालथी बाजू भिंतीला लावत. मुर्ध्याला एका साखरपुड्यात फोटोसाठी त्यांची शोधाशोध झाली, तेव्हा ते यजमानांच्या मोरीत स्टुलावर उभे सापडले. खाली उतरून मुलीच्या बापाला म्हणाले, "स्थळ उत्तम आहे हो, फक्त गच्चीतली टाकी गळतेय." ते लग्न झालं, पण टाकी दुरुस्त करूनच.

आम्ही तेव्हा गिरगाव सोडून भाईंदर पूर्वेला नवा ब्लॉक घेतला होता. वर्षभरात बाथरूमच्या छताला काळे ठिपके आले, त्यांचे डाग झाले. तीन वर्षांच्या धाकटीचा खोकला हटेना. डॉक्टरांनी औषध दिलं आणि विचारलं, "घरात ओल आहे का?" मी चिडलो आणि रविवारी सकाळी ब्लीचिंग पावडर आणि टाइल्स धुवायचं अ‍ॅसिड घेऊन आलो. एकाने जात नसेल तर दोन्हींनी जाईल, असा माझा हिशोब. दोन्ही पोरं गंमत बघायला दारात उभी. पावडर बादलीत कालवली, अ‍ॅसिडची बाटली उघडली, तोच मामा आले. त्या शांत माणसाला मी पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. "जावईबापू, बाटली बंद करा! दोन्ही एकत्र झालं की विषारी वायू होतो. तुम्ही पळाल, ही पोरं कुठे पळतील?"

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मामांनी बायको-पोरांना मामींकडे धाडलं, खिडक्या उघडल्या आणि मला घेऊन वरच्या मजल्यावर गेले. "भाभी, आपका पानी हमारे छत में आ रहा है," असं म्हणत ते तिथल्याही बाथरूममध्ये शिरले. भाभींनी बिचाऱ्यांनी चहा टाकला. चहा होईतो मामांना गळका सांधा सापडला होता.

प्लंबरने तो बदलल्यावरच आम्ही आमचं छत घासलं, तेही हातमोजे घालून, नाकाला फडकं बांधून, साबणाच्या पाण्याने ओलं करून. "बुरशी कोरडी खरवडलीत तर बी पेरल्यासारखी घरभर पसरेल," मामा म्हणाले. त्यांनी फुगलेला गिलावा काढायला लावला, एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. रंगाचं नाव काढलं तर म्हणाले, "आधी वाळू दे." मग पंधरा दिवस रोज येऊन भिंत चाचपायचे. धाकटी त्यांना भिंतीचे डॉक्टर म्हणायची. हळूहळू तिचा खोकला थांबला.

शेवटच्या दिवशी पालथ्या बादलीवर बसून मामा म्हणाले, "आमच्या जुन्या खोलीत अशीच बुरशी होती. दर दिवाळीला मी वरून रंग मारायचो. लॅबमध्ये काम करणारा माणूस मी! मुलाला दमा आहे. बुरशीमुळेच झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण त्याने पंप ओढला की मला तो रंग आठवतो."

पुढे मुलाने त्यांना नाशिकला नेलं. आठवड्याने त्यांचा फोन आला. "घर छान आहे हो. सगळं कोरडं, खडखडीत. मुलगाही बरा असतो." मग म्हणाले, "मला इथे करायला काहीच नाही." मी धाकटीला हाक मारली आणि फोन तिच्या कानाला लावला.