कढत पाण्यातला शर्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही, आणि आईला तर मी भाजी खारट झाली तरी फोन करते. तू नुसतं ऐक.

इथे परदेशात, आमच्या लोअर हटच्या घराशेजारी रॉनकाका राहतात. म्हातारे, एकटे. ते माझ्या नवऱ्याला, नितीनला, हरणांच्या शिकारीला न्यायला लागले. दादरचा माणूस, जन्मात झुरळ मारलं नसेल! पहिल्याच खेपेला काकांनी त्याला एक बुश शर्ट दिला. इथले शिकारी बापजाद्यांपासून घालतात तसला – जाड लोकरीचा, हिरव्या चौकड्यांचा, मांडीपर्यंत येणारा. काकांच्या मुलाचा होता. मुलगा गेला, तेव्हापासून कपाटातच होता.

नितीन दर शनिवारी तो चढवून जायचा. बहुतेकदा रिकाम्या हाताने परत यायचा, चिखलाने भरलेला आणि – कसं सांगू – खूश. शर्ट काढायलाच तयार नसायचा. मी म्हणायचे, घरात देव आहेत, ते रक्त नको बाई. रक्त कसलं डोंबलाचं! बाहीवर एक डाग होता. मला त्याचा आनंद सहन होत नव्हता. माझ्याबरोबर तो इतका खूश कधी दिसला होता? मला तरी आठवत नव्हतं.

मग एका रविवारी मी तो शर्ट मशीनमध्ये टाकला. कढत पाणी. सगळ्यात लांब सायकल. वर ड्रायर.

चुकून झालं असेल, म्हणशील. सगळे तेच म्हणाले. "अगं, तुला कसं माहीत असणार?" नितीन म्हणाला. मुंबईकराला स्वेटर ठाऊक नाही, त्याला वाटलं कुणालाच नसतो. काका त्या आटून पुठ्ठा झालेल्या शर्टावरून हात फिरवत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "नो वरीज, लव्ह. तुमच्याकडे गरम असतं ना."

पण मी पुण्याची. बाबांची शाल, आमचे स्वेटर – थंडी सरली की रिठ्याच्या गार पाण्यात मीच धुवायचे. आई ओरडायची, "पिळू नकोस गं, आटेल!" मला माहीत होतं. मशीनचं झाकण लावतानाही माहीत होतं. काकांसमोर मात्र मान खाली घातली, आणि अडाणी म्हणून सुटले.

नितीन त्यानंतर गेला नाही. काकांना कुठल्या तोंडाने भेटू, म्हणाला. म्हणजे मला हवं होतं तेच झालं, नाही का? शनिवारी तो घरी असतो. फोन बघत बसतो.

शर्ट आमच्या लेकीला, सईला बरोबर बसला. काकांनीच तिच्या अंगात घातला. "मम डिडन्ट नो अबाउट वूल," असं ती कौतुकाने सगळ्यांना सांगायची.

आता तिलाही तो तोकडा होतो. काकांना परत करायचा म्हणून परवा तिने तो धुवायला माझ्या हातात दिला.

"मम, कोल्ड वॉटर, ओके? अँड डोन्ट स्क्वीझ इट."

"हो का?" मी म्हटलं. "बरं झालं सांगितलंस."